मराठी प्रवासवर्णनातील फ्रान्स : शहर, अन्न आणि भाषा यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

मराठी वाचकाच्या मनातील फ्रान्सची प्रतिमा मुख्यत्वे प्रवासवर्णनांनी घडविलेली आहे. ही प्रतिमा पॅरिस या एका शहराभोवती केंद्रित झाली असून तिची जडणघडण इंग्रजीच्या मध्यस्थीने झाली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शहर, अन्न आणि भाषा या तीन अंगांनी या प्रतिमेचा येथे विचार केला आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' व 'वंगचित्रे' या दोन ग्रंथांची तुलना आणि फ्रान्समधून महाराष्ट्रात आलेल्या अभ्यासकांचे कार्य यांच्या आधारे 'प्रवाशाचे यजमान भाषेशी असलेले नाते' हा प्रवासवर्णनाच्या मूल्यमापनाचा एक निकष असावा, अशी मांडणी केली आहे. वऱ्हाडातील वाचक आणि अध्यापक यांच्या दृष्टीने या निकषाचे महत्त्व शेवटी सूचित केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवासवर्णन, फ्रान्स, मध्यस्थ भाषा, खाद्यसंस्कृती, वऱ्हाड.

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा मराठीतील समृद्ध आणि लोकप्रिय वाङ्मयप्रकार आहे. पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) आणि अमेरिकेच्या लोकस्थितीवरील त्यांचे १८८९ मधील पुस्तक यांपासून परदेश प्रवासाच्या मराठी लेखनाला वैचारिक बैठक लाभली. पुढे अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'सातासमुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) या पुस्तकांनी या प्रकाराला ललित रूप दिले. अलीकडच्या काळात मीना प्रभू यांनी एकेका देशावर वा शहरावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचा विस्तार केला. डॉ. वसंत सावंत यांच्या 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' या ग्रंथामुळे या लेखनाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासालाही चालना मिळाली.

असे असले तरी प्रवासवर्णनाची मराठी समीक्षा बहुधा काही ठरावीक प्रश्नांभोवतीच फिरताना दिसते. लेखकाचे व्यक्तिमत्त्व कितपत प्रकटले आहे, निसर्गवर्णन चित्रमय आहे काय, शैलीत प्रसन्नता आहे काय, हे ते प्रश्न होत. प्रवाशाने तो देश कोणत्या भाषेतून पाहिला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इंग्लंड-अमेरिकेच्या प्रवासात तो फारसा जाणवतही नाही, कारण सुशिक्षित मराठी प्रवासी तेथील भाषा शाळेपासून शिकलेला असतो. फ्रान्सच्या बाबतीत मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. तेथे प्रवाशाची मातृभाषा एक, त्याने शिकलेली परभाषा दुसरी आणि यजमानांची भाषा तिसरी, अशी स्थिती असते. या तीन भाषांच्या संबंधातून मराठीतील फ्रान्स साकार झाला आहे.

'फरासीस' ते 'फ्रेंच'

मराठी भाषकांचा फ्रान्सशी संबंध इंग्रजी शिक्षणापूर्वीचा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांचा विचार करताना इंग्रज, वलंदेज यांच्याबरोबर फरासीसांचाही उल्लेख येतो. दक्षिणेत पराक्रम गाजविणाऱ्या बुसी या सेनानीला मराठी कागदपत्रांत 'मुसाबुसी' म्हटले आहे. 'मस्य' हे फ्रेंच संबोधन मराठी कानांनी परस्पर ऐकले आणि ते त्याच्या नावाला जोडून टाकले. पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी याच बुसीच्या फौजेत तयार झाला होता. महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणी सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या डी बॉईनने उभारल्या आणि त्याच्यामागे त्या पेरॉन या फ्रेंच सेनानीच्या हाती आल्या. या काळातील संबंध युद्धाचे आणि स्वार्थाचे होते, हे खरे. परंतु ते थेट होते. 'फरासीस' हा शब्द त्या थेटपणाची खूण होय.

हा संबंध तुटण्याची घटना वऱ्हाडच्या भूमीवर घडली, याकडे येथील अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे इंग्रजांनी शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे यांच्याशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. या दुसऱ्या तहातील एका कलमान्वये शिंद्यांनी यापुढे फ्रेंचांना, तसेच इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या अन्य युरोपीय वा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनांना चाकरीत ठेवू नये, असे बंधन आले. आजच्या अमरावती जिल्ह्यातील एका गावी झालेल्या करारात मराठी सत्तेचे फ्रान्सकडे उघडणारे दार अशा रीतीने बंद करण्यात आले.

एका तहाच्या कलमातून दीडशे वर्षांनंतरच्या प्रवासवर्णनांची घडण सिद्ध करता येणार नाही, आणि तसा दावाही येथे नाही. तथापि या घटनेनंतर फ्रान्सविषयीचे मराठी ज्ञान इंग्रजांच्या शाळेतून, ग्रंथांतून आणि वृत्तपत्रांतून येऊ लागले, ही वस्तुस्थिती आहे. भाषेतही त्याचा पुरावा मिळतो. 'फरासीस' जाऊन 'फ्रेंच' आला. 'पारी' न येता 'पॅरिस' आले. 'मार्सेय' या बंदराचे नाव इंग्रजी वर्णलेखनावरून 'मार्सेलिस' असे रूढ झाले. साहित्यात गोविंद बल्लाळ देवलांचे 'फाल्गुनराव' (१८९३) आणि त्यातून पुढे सिद्ध झालेले 'संशयकल्लोळ' हे मोलिएरच्या प्रहसनाचे मराठी वंशज खरे, पण देवलांसमोर होते ते मर्फी या लेखकाचे इंग्रजी रूपांतर. मराठी रंगभूमीवरील या अत्यंत लाडक्या नाटकातही फ्रान्स लंडनमार्गेच आला.

या नियमाला अपवाद आहेत. र. धों. कर्वे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले, फ्रेंच शिकले आणि तेथील विवेकवादी विचारांशी त्यांचा परस्पर परिचय झाला. 'समाजस्वास्थ्य' मासिकातून (१९२७–१९५३) त्यांनी जी निर्भीड मांडणी केली, तिच्यामागे हा परिचयही होता. परंतु असे अपवाद थोडेच राहिले.

शहर : स्थानकावरचा फ्रान्स

मराठी प्रवासवर्णनातील फ्रान्स हा बहुतांशी वाटेवरचा देश आहे. याचे एक कारण प्रवासाच्या मार्गातच होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून निघालेली आगबोट एडन, सुएझ करीत भूमध्य समुद्रात येई. ज्यांना लवकर लंडन गाठावयाचे असे ते मार्सेय येथे उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडीत आणि कॅले येथून खाडी पार करीत. रोन नदीचे खोरे, लिआँ, दिजाँ ही सारी स्थळे या प्रवाशाच्या वाट्याला डब्याच्या खिडकीतून, पुष्कळदा रात्रीच्या अंधारातून येत. विलायत हे प्रवासाचे उद्दिष्ट आणि फ्रान्स हा त्याचा शेवटचा टप्पा, अशी ही रचना होती. काणेकरांच्या पुस्तकाचे शीर्षकही या दृष्टीने बोलके आहे. त्यात लंडनचे धुके आहे आणि सोव्हिएत रशियाचा लाल तारा आहे. या दोन टोकांच्या ताणात फ्रान्सला स्वतःचा रंग मिळत नाही.

मार्सेय शहराचे उदाहरण अधिक मार्मिक आहे. हे शहर इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास ग्रीक दर्यावर्द्यांनी वसविले आणि आज ते फ्रान्समधील सर्वांत जुने शहर म्हणून ओळखले जाते. मराठी मनात मात्र मार्सेय म्हणजे ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून घेतलेली उडी. किनारा गाठलेल्या सावरकरांना फ्रेंच पोलिसाने पाठलाग करणाऱ्यांच्या हवाली केले. आपण आश्रय मागत आहोत, हे त्या पोलिसाला त्यांना समजावून देता आले नाही, असे चरित्रकार सांगतात. पुढे हेग येथील लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल इंग्लंडच्या बाजूने दिला. राजकीय इतिहासात या प्रसंगाचे मोल आहेच. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. मराठी स्मृतीतील फ्रान्सचा सर्वांत नाट्यमय क्षण हा भाषा न जुळल्याचा क्षण आहे.

विमानप्रवास सुरू झाल्यावर मार्सेय मागे पडले आणि पॅरिस समोर आले. परंतु पाहण्याची पद्धत फारशी पालटली नाही. आयफेल मनोरा (१८८९), लूव्र संग्रहालय, नोत्र दाम, माँमार्त्रची टेकडी आणि सेन नदीवरील नौकाविहार हा क्रम इतका ठरून गेला आहे की, सामान्य प्रवासलेखनातून लेखकाचे नाव झाकले असता पुस्तक ओळखणे कठीण व्हावे. पॅरिसचे रुंद, सरळ रस्ते आणि एकसारख्या उंचीच्या इमारती यांचे कौतुक सर्वत्र आढळते. १८५३ ते १८७० या काळात ओसमाँ या प्रशासकाने जुन्या वस्त्या पाडून हे रस्ते काढले, त्यासाठी श्रमिकांना शहराच्या कडेला जावे लागले आणि अरुंद गल्ल्यांतून उभारल्या जाणाऱ्या बंडखोरांच्या मोर्चेबंदीला आळा बसणे हाही त्याचा एक परिणाम होता, हा इतिहास मात्र त्या कौतुकात क्वचितच डोकावतो. सौंदर्याचे वर्णन येते. ते सौंदर्य कोणाच्या किमतीवर उभे राहिले, ही चौकशी येत नाही.

पॅरिसबाहेरची शहरे तर जवळजवळ अनुपस्थितच आहेत. वऱ्हाडच्या दृष्टीने ही उणीव विशेष जाणवते. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) तेथील कापूस अडला, तेव्हा युरोपच्या गिरण्यांची नजर या प्रदेशाकडे वळली. लोहमार्ग आले, अकोला, अमरावती, खामगाव येथे बाजार वाढले. अमरावतीच्या नावावरून पडलेले 'ऊमरा' हे वऱ्हाडी कापसाचे व्यापारी नाव युरोपच्या कापूस बाजारात रूढ झाले. अमरावतीचा माणूस युरोपात पोहोचण्यापूर्वी अमरावतीचे नाव गाठोड्यांवरून तेथे पोहोचले होते. फ्रान्समध्ये ल आव्र हे कापसाचे मोठे बंदर, रूआँ व मुलूझ ही सूतगिरण्यांची आणि छापील कापडाची शहरे. भारतीय छिटांनी फ्रेंच बाजार इतका काबीज केला होता की, तेथील राजसत्तेने १६८६ मध्ये त्यांवर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. या कापडाला फ्रेंचमध्ये नावच मुळी 'आँदिएन', म्हणजे 'भारतीय', असे आहे. मुलूझ येथे छापील वस्त्रांचे संग्रहालय आहे. मराठी प्रवासी लूव्रमध्ये मोनालिसासमोरच्या गर्दीत उभा राहतो. त्याच्या मुलखाशी ज्या शहरांचे प्रत्यक्ष नाते आहे, ती शहरे त्याच्या वहीत येत नाहीत. मार्गदर्शक पुस्तिका इंग्रजी प्रवाशासाठी लिहिलेली असते आणि मराठी प्रवासी नकळत त्याच्याच डोळ्यांनी पाहत राहतो, हे याचे कारण होय.

अन्न : ताटातील सीमारेषा

मराठी प्रवासवर्णनात अन्न हा विषय बहुधा विनोदाच्या वाटेने येतो. खाद्यपदार्थांच्या यादीतील अगम्य नावे, चुकून मागविलेला पदार्थ, शाकाहारी जेवणाचा शोध, घरून नेलेल्या चिवड्या-लाडवांचा आधार आणि मनाजोगत्या चहासाठीची तळमळ ही त्याची परिचित रूपे आहेत. या विनोदामागे एक खरी अडचण आहे. अन्नाचे नियम हे जातीचे, धर्माचे आणि घरच्या संस्काराचे नियम असतात. परक्या टेबलावर बसताना ते सारे पणाला लागतात. ही अडचण विनोदात विरघळवली की लेखकाला तिची मीमांसा करावी लागत नाही. पुढे सहल कंपन्यांनी स्वतःचे आचारी बरोबर नेऊन पॅरिसमध्येही वरण-भात-भाजीची हमी दिली, तेव्हा तर हा प्रश्नच उरला नाही; आणि त्याबरोबर फ्रेंच अन्न चाखण्याची शक्यताही उरली नाही.

यातील गंमत अशी की, फ्रेंच भोजनव्यवहाराचे शब्द वऱ्हाडात केव्हाच येऊन स्थिरावले आहेत. रेस्टॉरंट, मेन्यू, कॅफे, ऑम्लेट हे शब्द मूळचे फ्रेंच. अमरावती-अकोल्याच्या मंगल कार्यालयात पंगतीची जागा ज्या पद्धतीने घेतली तिचे 'बुफे' हे नावही फ्रेंचच. परंतु हे शब्द इंग्रजीच्या हातून आले असल्यामुळे ते वापरणाऱ्याला फ्रान्सची आठवणही होत नाही. शिवाय 'बुफे' ही पद्धत आज फ्रेंच भोजनाचे प्रतिनिधित्व करीत नाही. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच लोकांच्या भोजनविधीचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. तेथे गौरव झाला तो एखाद्या पदार्थाचा नसून एकत्र बसून, क्रमाने, सावकाश आणि संवाद करीत जेवण्याच्या रीतीचा. ही कल्पना पंगतीला जवळची आहे. यजमानाचा आग्रह, वाढण्याचा क्रम, सर्वांची पाने वाढून होईपर्यंत थांबणे, या गोष्टी जाणणारा वऱ्हाडी माणूस फ्रेंच टेबलाकडे अधिक जाणतेपणाने पाहू शकला असता.

भाकरी आणि पाव यांची तुलनाही अशीच अस्पर्शित राहिली आहे. फ्रान्समध्ये पाव हा केवळ तोंडी लावण्याचा पदार्थ नाही. पावाच्या भावावरून तेथे दंगली झाल्या आणि ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या स्त्रिया पावाची मागणी करीत व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. १९९३ च्या एका शासकीय आदेशाने 'परंपरागत' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांखेरीज काय चालेल याची मर्यादा घातली, त्याचा गोळा गोठवून ठेवण्यास मनाई केली. २०२२ मध्ये लांबोडक्या 'बागेत' पावाच्या कारागिरीलाही युनेस्कोची मान्यता मिळाली. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्याची चव आणि ते भाजण्याचे कसब ज्या समाजाला ठाऊक आहे, बहिरमच्या यात्रेत ज्याने रोडग्यांचा वास घेतला आहे, त्याला पहाटे भट्टी लावणाऱ्या फ्रेंच पाववाल्याविषयी कुतूहल वाटावयास हवे.

'तेर्वार' ही फ्रेंच संकल्पना या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. एखाद्या पदार्थाची चव ही तेथील माती, पाणी, हवा आणि पिढ्यानपिढ्यांची रीत यांतून येते, असा तिचा आशय. 'मातीचा गुण' हा मराठी शब्दप्रयोग तिच्या पुष्कळ जवळ जातो. फ्रान्सने १९३५ मध्ये द्राक्षमद्यांच्या बाबतीत या कल्पनेला कायद्याचे रूप दिले आणि विशिष्ट गावाचे नाव त्या गावच्या उत्पादकालाच वापरता यावे, अशी व्यवस्था केली. भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये असे मानांकन मिळाले. वरुड-मोर्शीच्या बागांतील संत्रे बाजारात नागपूरच्या नावाने ओळखले जाते. नाव, माती आणि उत्पादकाचा हक्क यांचा हा गुंता फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत शतकभर चर्चिला गेला आहे. मराठी प्रवासवर्णन द्राक्षमळ्यापर्यंत पोहोचते तेव्हा ते तेथील मद्याच्या चवीवर व स्वतःच्या संकोचावर दोन विनोद करून परतते. शेतकऱ्याशी बोलत नाही. बोलणार तरी कसे? मध्ये भाषा उभी असते.

भाषा : एकाच लेखकाचे दोन प्रवास

पु. ल. देशपांडे १९५८ मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. त्या निमित्ताने झालेल्या इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स, जर्मनीच्या प्रवासातून 'अपूर्वाई' जन्मली. 'किर्लोस्कर' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या लेखनाने मराठी मध्यमवर्गाला युरोप घरच्यासारखा करून दिला. या पुस्तकाचे बळ त्यातील निवेदकात आहे. तो स्वतःला शहाणा समजत नाही. आपले अज्ञान, आपली धांदल, आपले मराठी कोते संस्कार यांच्याकडे तो हसून पाहतो आणि परक्यांची टिंगल करण्यापूर्वी स्वतःची करतो. फ्रान्सपुरता विचार केला तर या विनोदाला आणखी एक मोल आहे. त्यामुळे प्रवाशाचे परकेपण लपत नाही. फ्रान्स आपल्याला कळला, असा आव आणणाऱ्या लेखनापेक्षा हे अधिक प्रामाणिक होय.

तथापि या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये भाषा निवेदकाच्या हाताशी असते. त्यामुळे तेथील माणसे आपल्या बोलण्यासकट, लकबींसकट पुस्तकात येऊ शकतात. फ्रान्समध्ये संवाद आटतो आणि दृश्य वाढते. कला, वास्तू, रस्ता, कॅफे या गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. त्यांचा आनंद पु. ल. रसिकतेने घेतात आणि वाचकाला देतात. पण माणसाचे बोलणे हेच ज्याच्या प्रतिभेचे खरे क्षेत्र, अशा लेखकाला बोलण्यावाचून राहावे लागते, ही या प्रकरणातील उणीव आहे. 'व्यक्ती आणि वल्ली' लिहिणाऱ्या लेखकाच्या हातून एकही फ्रेंच 'वल्ली' नारायण किंवा अंतू बर्वा यांच्या तोलाने मराठी वाचकाच्या मनात घर करू शकलेली नाही.

या उणिवेची जाणीव लेखकालाही असावी, असे मानण्यास त्यांचे पुढील आयुष्य आधार देते. वयाच्या पन्नाशीत ते बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. त्या वास्तव्यातून 'वंगचित्रे' हे पुस्तक आले. येथे प्रवासी पाहुणा न राहता विद्यार्थी होतो. शहर बघण्याआधी तो भाषा शिकू लागतो, त्यामुळे त्याला गाणी, रस्त्यावरची भांडणे, दुकानदारांच्या थट्टा यांचा अर्थ लागतो. 'अपूर्वाई' अधिक लोकप्रिय ठरली, 'वंगचित्रे' अधिक खोल उतरली. दोहोंतला फरक लेखकाच्या प्रतिभेचा नाही, भाषेचा आहे. बंगालीची लिपी वेगळी असली तरी तिचे कूळ मराठीच्या जवळचे, तेव्हा ही तुलना फ्रेंचला अन्यायकारक आहे, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. परंतु प्रश्न प्रावीण्याचा नाही. यजमानाची भाषा शिकण्यायोग्य आहे, तिच्यावाचून आपले पाहणे अपुरे आहे, ही भूमिका लेखनाचा पोत बदलते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

उलट दिशेचे प्रवासी

फ्रान्समधून महाराष्ट्रात आलेल्या अभ्यासकांकडे पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर पॅरिसमध्ये प्रबंध लिहिला. तो १९२० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा तो पाया ठरला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये सिद्ध केला. याच ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९७० मध्ये निघाला. म्हणजे येथे मराठी वाचकाला इंग्रजीची वाट पाहावी लागली नाही. उलट इंग्रजी वाचक तीस वर्षे मागे राहिला. मध्यस्थ भाषेचा नियम तोडता येतो, याचा हा लखलखीत पुरावा आहे आणि मराठीच्या प्रत्येक अध्यापकाने तो अभिमानाने सांगावा असा आहे.

गी दलरी हे जेझुइट धर्मोपदेशक वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालले. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले (१९५६) आणि विठ्ठल संप्रदायावरील त्यांचा अभ्यासग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवँ (१९३४–२००४) पुण्यात स्थायिक झाले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी खेडोपाडी हिंडून स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह उभा केला. गरीब, निरक्षर बाई पहाटे दळताना काय बोलते, हे ऐकण्यासाठी आलेला हा प्रवासी होता. मराठी प्रवासवर्णनातील एखादा प्रवासी लोरेन वा ब्रिटनी प्रांतातील शेतकरी बाईची गाणी ऐकण्यास थांबला आहे काय, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्‌भवतो.

अर्थात, ही तुलना सरसकट करता येणार नाही. ब्लॉक यांच्यामागे फ्रेंच विद्यापीठीय संस्था होत्या, दलरी यांच्यामागे धर्मसंस्था होती. त्यांना वर्षानुवर्षे राहण्याची मुभा होती. मोजक्या परकीय चलनावर आणि मोजक्या रजेवर जाणाऱ्या मराठी शिक्षकाला, लेखकाला किंवा नोकरदाराला ती नव्हती. परदेशी अभ्यासकाच्या दृष्टीलाही तिच्या स्वतःच्या मर्यादा व पूर्वग्रह असतात, आणि 'पूर्वेचा शोध' घेणाऱ्या विद्येचे साम्राज्यसत्तेशी असलेले नाते आता पुरेसे उघड झाले आहे. तेव्हा फ्रेंच अभ्यासक श्रेष्ठ आणि मराठी प्रवासी कनिष्ठ, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. ज्याने भाषा आत्मसात केली त्याला समाजाचा तळ दिसला, एवढीच गोष्ट या उदाहरणांतून हाती येते.

वऱ्हाडचा वाचक आणि प्रवासवर्णनाचे अध्यापन

पदवी वर्गांत प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना त्याच्या वैशिष्ट्यांची यादी देण्याकडे कल असतो. अंजनगाव, तेल्हारा, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरहून येणारा विद्यार्थी ती पाठ करतो. पॅरिसचे वर्णन त्याला दुहेरी दूर असते : एकदा फ्रान्स दूर म्हणून आणि एकदा ते वर्णन मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय जाणिवेतून आलेले म्हणून. त्या वर्णनातला संकोच, त्यातला विनोद, त्यातला शाकाहार हे सारे त्याचे असतेच असे नाही. अशा विद्यार्थ्याला त्याच्याच गावच्या तहातील फ्रेंचविषयक कलम दाखविले, त्याच्या शेतातील कापसाचे युरोपच्या बाजारातील नाव सांगितले, त्याच्या आजीच्या ओव्या जमविणारा माणूस फ्रान्समधून आला होता हे कळविले, तर तो प्रवासवर्णनाला प्रश्न विचारू लागेल. लेखकाने कोणाशी संभाषण केले? कोणत्या भाषेत केले? काय पाहण्याचे टाळले? त्याला जेवू कोणी घातले? हे प्रश्न विचारणारा वाचक तयार होणे, हे या प्रकाराच्या अध्यापनाचे खरे फलित मानावे लागेल.

परदेश प्रवास आता वऱ्हाडातही दुर्मीळ राहिलेला नाही. शिक्षण, नोकरी, कृषी संशोधन, मुलांकडे जाणे अशा निमित्तांनी येथील माणसे युरोपात जातात आणि परतल्यावर लिहितातही. या नव्या लेखनापुढे दोन वाटा आहेत. ठरलेल्या स्थळांची ठरलेली वर्णने पुन्हा लिहिणे ही एक. आपल्या मातीतून आलेली जिज्ञासा बरोबर नेणे, थोडी का होईना भाषा शिकणे आणि जेथे कळले नाही तेथे ते कळले नाही असे नोंदविणे ही दुसरी.

निष्कर्ष

१. मराठी भाषकांचा फ्रान्सशी असलेला अठराव्या शतकातील थेट संबंध एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजीच्या मध्यस्थीखाली गेला. स्थलनामे, नाट्यरूपांतरे आणि प्रवासाचे मार्ग या तिन्ही ठिकाणी त्याच्या खुणा आढळतात.

२. मराठी प्रवासवर्णनातील फ्रान्स पॅरिसपुरता आणि पॅरिस ठरावीक स्थळांपुरते मर्यादित राहिले. ज्या फ्रेंच शहरांशी कापसाच्या व वस्त्रांच्या निमित्ताने या भूमीचे नाते होते, ती शहरे दुर्लक्षित राहिली.

३. अन्नविषयक लेखनात विनोदाने मीमांसेची जागा घेतली. पंगत, भाकरी आणि मातीचा गुण या येथील संकल्पनांच्या आधारे फ्रेंच भोजनसंस्कृतीचे अधिक मर्मग्राही आकलन शक्य आहे.

४. 'अपूर्वाई' आणि 'वंगचित्रे' यांच्या तुलनेवरून, तसेच ब्लॉक, दलरी आणि पॉइटवँ यांच्या कार्यावरून, यजमान भाषेशी असलेले नाते प्रवासलेखनाची खोली ठरविते असे दिसून येते. आपल्या परकेपणाची प्रामाणिक कबुली देणारे लेखन मर्यादेतही मोलाचे ठरते.

५. फ्रेंच ग्रंथांचे मराठीत थेट अनुवाद होणे आणि महाविद्यालयीन पातळीवर प्रवासवर्णनाचे भाषाजाणिवेसह अध्यापन होणे आवश्यक आहे. परांजपे यांनी १९४१ मध्ये इंग्रजीच्या आधी मराठीत ब्लॉक आणला. सुर्जी-अंजनगावला जे दार बंद झाले, ते आतून उघडता येते हे त्यांनी करून दाखविले आहे.